आपोआप लागणारं फाटक

मकाय, क्वीन्सलंड
मंगळवार, १७ एप्रिल

आदरणीय विहीणबाई व्हाल्डा राइनके यांस,

मर्विन ट्रस्कॉटचा नमस्कार. खरं तर वाकून करायला हवा, पण माझी कंबर आता एकाच बाजूला वाकते आणि ती बाजू तुमच्या किंगारॉयच्या दिशेला येत नाही, तेव्हा बसल्या जागेवरून केलेला गोड मानून घ्यावा. इकडे आम्ही बापलेक जिवंत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे, व्याहीबुवा अर्नीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं की अजून तो डॉक्टरलाच तपासतोय, आणि शेंगांची काढणी पावसात तर सापडली नाही ना, हे सगळं विचारायचं होतं. फोनवरच विचारणार होतो. दोनदा केला, दोन्ही वेळा माझा 'हॅलो' ऐकून तुम्ही ठेवलात. तिसऱ्यांदा अर्नीने उचलला, पण त्याला वाटलं मी ट्रॅक्टरचे टायर विकतोय, आणि मी काही बोलायच्या आत त्याने दोन मागवले. (ते यायची वाट बघत असेल तर त्याला सांगा, येणार नाहीत.) म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर फाडा, पण आधी वाचा, एवढीच विनंती.

डिसेंबरच्या त्या शनिवारी तुमची कोरीन तुमच्याशीच फोनवर बोलत होती. ख्रिसमसचं हॅम तुम्ही आणायचं की आम्ही, असं काहीतरी चाललं होतं. त्यामुळे आमच्या परसात जे झालं ते तुम्ही कानांनी ऐकलंत, मग फोन बंद पडला, आणि पुढे तासभर कुणी तुम्हाला काही कळवलं नाही. त्या तासाबद्दल अजून कुणी तुमची माफी मागितलेली नाही. मी मागतो. आणि जे तुम्ही फक्त ऐकलंत, ते सगळं पहिल्यापासून सांगतो.

परसातला पोहण्याचा तलाव मी आणि एनिडने बांधून घेतला तेव्हा ग्लेन सात वर्षांचा होता. आकार मूत्रपिंडासारखा, कारण त्या काळी सगळेच तसे बांधायचे, आतून निळा. कुंपण मी स्वतः केलं. पुढे कायदे बदलत गेले, दर थोड्या वर्षांनी तलाववाल्या घरमालकांनी काय काय करायचं याचं पत्रक येत गेलं, आणि मी ते नेमाने मासे साफ करताना खाली पसरत गेलो. माझा तलाव, माझं कुंपण, माझा मुलगा त्यात न बुडता मोठा झाला. आता नगरपालिकेने मला काय शिकवायचं, असा माझा एकंदर खाक्या होता. एनिड असताना ती तरी अधूनमधून एखादं पत्रक मासे ठेवायच्या आत वाचायची. ती गेल्यावर तेही थांबलं.

गेल्या जूनच्या थंडीत ठरलं की ग्लेन, कोरीन आणि आपली नात ब्रायडी यांनी भाड्याची जागा सोडून इथे यायचं आणि मी मागच्या खोलीत जायचं. सूनबाईने एकच अट घातली. माझ्याच स्वयंपाकघरात, माझाच चहा पीत म्हणाली, "मर्व्ह, घर मला आवडतं, तुम्हीही आवडता. पण तलावाला सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय ब्रायडी या आवारात पाऊल टाकणार नाही." त्यातलं 'तुम्हीही आवडता' मला औषधाआधीच्या चमचाभर साखरेसारखं वाटलं आणि मी दोन दिवस फुगून बसलो. ग्लेन म्हणाला, "बाबा, तिचं बरोबर आहे." त्याच्यावर मी आणखी दोन दिवस फुगलो.

मग आली केरिन डोलन. तलाव तपासायचं लायसन्स असलेली तिशीची बाई, डोक्यावर ही एवढी टोपी, हातात टेप आणि एक मोजकाठी. आल्या आल्या कुंपणापाशी उकिडवी बसली आणि तिथूनच बोलायला लागली.

"हे बाक इथे कशाला?"

"बसायला."

"मुलांना ती पायरी वाटते. कुंपणापासून नव्वद सेंटीमीटरच्या आत चढता येईल असं काही नको."

बाक एनिडचं होतं. ग्लेन पोहायचा तेव्हा ती त्यावर बसून वाटाणे सोलायची. हे मी केरिनला सांगितलं नाही, नुसतं 'बघू' म्हणालो, आणि तिने 'बघू' न लिहिता 'हलवणे' असं लिहिलं. पुढे: कुंपणाखाली आमच्या जुन्या कुत्र्याने उकरलेली खाच, तिच्यातून तिचा बुटासकट पाय गेला. फाटकाची कडी फार खाली. बुडालेल्याला शुद्धीवर कसं आणायचं याची पाटी उन्हाने इतकी विटलेली की वरचा मनुष्य खालच्याला वाचवतोय की त्याचे खिसे तपासतोय ते कळेना. आणि सगळ्यात मोठा गुन्हा फाटकाचा. तिने ते वीतभर उघडून सोडलं. ते तिथेच थांबलं. पूर्ण उघडून सोडलं. ते तिथेही थांबलं.

"फाटक कुठूनही सोडलं तरी आपलं आपण बंद व्हायला हवं, आणि कडीही आपोआप बसायला हवी," ती म्हणाली.

मी म्हणालो, "बाई, एकतीस वर्षं मी साखर कारखान्यातले बॉयलर सांभाळलेत. एकही फुटला नाही."

"बॉयलरमध्ये दोन वर्षांचं मूल चढून पडत नाही, मर्व्ह," ती म्हणाली आणि पुढच्या ओळीवर गेली. अकरा ओळी झाल्या. तीन महिन्यांत दुरुस्त करा, मी पुन्हा येते, नाहीतर कागद नगरपालिकेकडे. जाताना माझ्या झाडाची दोन लिंबं मागून घेऊन गेली, याचा मला त्या अकरा ओळींपेक्षा जास्त राग आला.

पण केलं मी सगळं. बाक हलवलं, खाच बुजवली, कडी वर घेतली, नवी पाटी आणली, तीत वाचवणारा आणि वाचणारा स्पष्ट वेगळे दिसत होते. फाटकाला नव्या स्प्रिंगच्या बिजागऱ्या बसवल्या, आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, लागेल त्याहून दुप्पट कडक बसवल्या. ते फाटक त्यानंतर माणसाच्या मागे लागायला लागलं. पहिल्या आठवड्यात त्याने माझ्या टाचेची साल काढली. दुसऱ्या आठवड्यात क्लोरीनची बादली उलटवली. दोन्ही हातांत सामान घेऊन त्यातून जायचं म्हणजे ढुंगणाने ढकलायचं आणि ते परत यायच्या आत उडी मारायची, हे चौऱ्याहत्तराव्या वर्षी. केरिन परत आली, वीतभर उघडून सोडलं, फाटक बंदुकीच्या बारासारखं लागलं. "आता कसं," ती म्हणाली आणि सही केली. सर्टिफिकेट मी काचेच्या चौकटीत घालून फाटकापाशीच लावलं. चिडवण्यासाठी लावलं होतं, पण कुणाला चिडवायचं होतं ते आता सांगता येणार नाही.

ऑक्टोबरात ती तिघं राहायला आली. दहा आठवडे, विहीणबाई. माझ्या आयुष्यात एनिड गेल्यानंतरचे बरे दिवस मोजायचे तर तेवढेच निघतील. ब्रायडी सकाळी सहाला मागच्या खोलीचं दार वाजवायची आणि 'पॉप, ऊठ, कावळे उठले' असं सांगायची. मी उठायचो. टोस्टच्या कडा मी खायच्या, मधलं तिने, असा करार होता.

आणि मग तो शनिवार. सकाळचे साडेदहा-अकरा. ग्लेन घराच्या पुढच्या बाजूला शिडीवर चढून दिव्यांच्या माळा लावत होता. कोरीन स्वयंपाकघरात, तुमच्याशी बोलत. मी तलावातला कचरा काढत होतो. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने आंब्याची पानं पडली होती. पंपाची जाळी तुंबली म्हणून ती घेऊन मी शेडमध्ये गेलो. ग्लेनला वाटलं ब्रायडी आईजवळ आहे. आईला वाटलं बाबांजवळ. मला काहीच वाटलं नाही, कारण रेडिओवर क्रिकेट चालू होतं आणि एक विकेट पडण्याच्या बेतात होती. शेडमध्ये मी किती वेळ होतो हे मला नंतर पुष्कळ जणांनी विचारलं. मी चार मिनिटं म्हणालो. चारच असतील. ती विकेट काही पडली नाही.

आवाज झाला नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण ज्यांना सांगतो ते सगळे विचारतात, 'ओरडली नाही? पाणी उडालं नाही?' नाही. माझं शेड तलावापासून पंधरा पावलांवर आहे आणि दार सताड उघडं होतं. जो पहिला आवाज झाला तो कोरीनचा, आणि तो तुम्ही ऐकलात.

मी बाहेर आलो तेव्हा ग्लेन पाण्यात होता. त्याने तिला वर दिलं आणि कोरीनने घेतलं. ब्रायडीचा रंग मी लिहिणार नाही. कोरीनने तुमचा फोन तोडून रुग्णवाहिकेला लावला, म्हणून तो बंद पडला. ग्लेन तिच्या छातीवर दाबायला लागला आणि मध्येच थांबला. "किती वेळा? बाबा, किती वेळा दाबायचं?" मला आठवेना. मग मी पाटी वाचली. मोठ्याने वाचली, शाळेतल्या पोरासारखी, एकेक ओळ. तीस वेळा दाबा. दोनदा श्वास द्या. तीस वेळा दाबा. ग्लेन दाबत होता, कोरीन फोन खांद्याशी धरून श्वास देत होती आणि मी वाचत होतो. शेवटची ओळ संपली की पुन्हा पहिलीपासून. रुग्णवाहिकेतल्या बाईने माझ्या हाताला धरून 'आता पुरे' म्हटलं, तेव्हाही मी वाचतच होतो. त्याआधी थोडंच ब्रायडीने पाणी ओकलं होतं.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. टाउन्सव्हिलचं हॉस्पिटल, पाच दिवस नळीवर, मग डोळे उघडले, मग फेब्रुवारीत कोरीन तिला घेऊन तुमच्याकडे आली. ग्लेन सांगतो की डावा हात अजून चमचा धरत नाही, वाक्यं दोन शब्दांची झालीत, आणि डॉक्टर म्हणतात थांबा, या वयात पुष्कळ परत येतं. मी थांबतो आहे. मला दुसरं काही येत नाही.

त्या दिवशी पोलीस आले तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता. फाटक उघडं कुणी ठेवलं. कोरीन रुग्णवाहिकेतून गेली होती. आवारात आम्ही दोघं, ग्लेन अंगाला चिकटलेल्या कपड्यांत. तो म्हणाला, "मी." पोलिसाने लिहून घेतलं. हे तुम्हालाही कळलं आणि कोरीनलाही. ती त्याच्याशी डॉक्टरांच्या तारखांपलीकडे बोलत नाही, आणि तिला दोष कोण देईल. जिने सर्टिफिकेटची अट घातली, तिच्याच नवऱ्याने फाटक उघडं टाकलं.

आता ग्लेन आणि मी इथे राहतो. तो खाणीच्या यंत्रांच्या वर्कशॉपातून येतो, डब्यातलं स्पगेटी टोस्टवर ओतून उभ्याउभ्या खातो आणि बाहेर जातो. तलाव त्याने जानेवारीतच रिकामा केला. तळाला आता थोडं पावसाचं पाणी आणि पानं. तरी तो रोज फाटक वीतभर उघडतो आणि सोडतो. मग अर्धं उघडून सोडतो. मग पूर्ण. रोज, विहीणबाई. मी खोलीत बसून तीन बार ऐकतो. एकदा म्हणालो, "अरे, लागतंय ते, कशाला बघतोस." तो म्हणाला, "बघू द्या, बाबा."

गेल्या आठवड्यात केरिन आली. नगरपालिकेला अहवाल हवा होता. या वेळी लिंबं मागितली नाहीत. तिनेही फाटक तिन्ही ठिकाणांहून सोडून पाहिलं आणि तिन्ही वेळा ते लागलं. "मर्व्ह, फाटक ठणठणीत आहे," ती म्हणाली. "मग उघडं राहिलं कसं?"

ग्लेन मागच्या पायरीवर उभा होता. तिथूनच म्हणाला, "मी टेकण लावलं होतं."

"कशाचं?"

हा प्रश्न त्याला चार महिन्यांत कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "विटेचं."

केरिनने आवारभर नजर फिरवली, माझ्याकडेही पाहिलं, आणि लिहिलं: वीट.

तर असं सगळं आहे. तुम्ही कोरीनला आणि छोटीला सांभाळता आहात याबद्दल आभार मानायचे तर मला तेवढा चांगला कागद मिळायला हवा. अर्नीला नमस्कार सांगा, जरा मोठ्याने सांगा. ब्रायडीला काही सांगू नका, तिला मी आठवत असेन की नाही माहीत नाही. आणि मी हे पत्र मोठ्या मनाचा आव आणून संपवणार होतो की तुमच्या मुलीने माझ्या मुलाला माफ करावं, माणसाच्या हातून चूक होते, वगैरे. तसं दीड पान लिहिलंही होतं. ते काढून टाकलं आहे.

आपला, जो काही उरला आहे तो व्याही,
मर्विन ट्रस्कॉट

ता. क. वीट नव्हती. आमच्या आवारात वीटच नाही, घर लाकडी आहे. सामान बांधायचा एक रबरी पट्टा असतो ना, दोन्ही टोकांना आकडे असलेला, तो होता, हिरवा. मीच आणला होता. फाटकाने बादली उलटवली त्याच्या दुसऱ्या दिवशी आणला. केरिन सही करायला आली त्या दिवशी तेवढा काढून शेडमध्ये ठेवला आणि तिची गाडी वळल्यावर परत अडकवला. रोज नाही, तलाव साफ करताना फक्त. त्या शनिवारी मी जाळी घेऊन शेडमध्ये गेलो तेव्हा फाटक त्या पट्ट्याने कुंपणाला बांधलेलं होतं. रुग्णवाहिका गेली आणि पोलीस यायचे होते, तेवढ्यात ग्लेनने तो काढला असणार. मी पाहिलं नाही. चार दिवसांनी तो टाउन्सव्हिलहून कपडे न्यायला आला, त्याची त्या शनिवारची चड्डी मी धुवायला घेतली, आणि पट्टा खिशात सापडला. मी तो वाळत घातला. हो, कपड्यांबरोबर दोरीवर. ग्लेनने संध्याकाळी तो दोरीवर पाहिला, काढला, आणि त्याबद्दल आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही.

पोलिसाने विचारलं तेव्हा मी का बोललो नाही, हे तुम्ही विचाराल. माझं तोंड उघडलं होतं. ग्लेन आधी बोलला आणि मी ते मिटलं. तेव्हा वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, ती शुद्धीवर आली की सांगू. मग कोरीन निघून गेली, आणि मग मला भीती वाटायला लागली की सांगितलं तर ग्लेनही जाईल.

ता. क. दुसरा. केरिन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ग्लेन कामावरून येताना एक वीट घेऊन आला आणि फाटकाजवळ ठेवली. पुन्हा कुणी बघायला आलं तर दिसावी म्हणून. नवी कोरी, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. खोटं बोलायचं त्याला कधी जमलंच नाही, विहीणबाई. त्याच्या आईवर गेलाय. ती वीट मी दोन दिवस पाहिली आणि काल पोलिस चौकीत गेलो. तिथल्या मुलीने सगळं पहिल्यापासून लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि मी सही केली. पुढे काय होईल ते चौकीतून कळवतील. हे कोरीनला माझ्याकडून आधी कळावं म्हणून हे पत्र. तिच्या हातात द्या, आणि ती वाचत असताना जवळ बसा. ग्लेनला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर त्याने मला चौकीच्या दारातून परत आणलं असतं.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहायला बसलो ते यासाठीच. पुढच्या शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, ग्लेन तुमच्या दाराशी येईल. मी त्याला सांगितलं आहे की तुमचा फोन आला होता आणि तुम्ही जेवायला बोलावलं आहे. आज सकाळी त्याने चार महिन्यांनी दाढी केली आणि मला विचारलं, "त्या स्वतः म्हणाल्या? कोरीनला माहीत आहे?" मी म्हणालो, "स्वतः म्हणाल्या." तुम्हाला खोटं चालत नाही, आणि माझं तर यापुढे एकही चालवून घेऊ नका. पण एवढं एक तुम्हीच खरं करू शकता. दहा तासांचा रस्ता आहे, तो जेवणाच्या वेळेला पोचणार नाही, उशीरच होईल. त्याचं ताट मांडून ठेवा.